बगवाला जहाजांच्या लढाईचा गेम घ्यावा का? लोकांचे रिव्ह्यू वाचून ठरवायचं कसं

शिडाच्या जहाजांच्या लढाया असलेले गेम मी बरीच वर्षं खेळतोय आणि या प्रकारातला एकही गेम पहिल्या दिवशी धड चाललाय असं मला आठवत नाही. कारणही समजण्यासारखं आहे, वारा, लाटा, प्रत्येक शीड, प्रत्येक तोफेचा वेगळा गोळा, पाच-सहाशे माणसांचा क्रू आणि अशी वीस-तीस जहाजं एकाच वेळी स्क्रीनवर, आणि हे सगळं बनवणारी टीम बहुतेक वेळा छोटी असते. त्यामुळे रिव्ह्यू उघडले की एक जण म्हणतो असा गेम दुसरा नाही आणि त्याच्या लगेच खालचा म्हणतो माझे पैसे पाण्यात गेले, आणि दोघंही खरंच बोलत असतात. नवीन माणूस इथंच गोंधळतो, एकतर चांगला गेम सोडून देतो नाहीतर असा गेम घेऊन बसतो जो चाळीस तासांनी त्याची सगळी मोहीम गिळून टाकतो.

माझं सांगणं एकच आहे, तक्रार वाचली की आधी स्वतःला विचारा की हा बग, म्हणजे गेममधली चूक, आहे का इतिहास आहे, म्हणजे खरी जहाजंच तशी वागायची. बाकी सगळं त्यानंतर.

आधी टक्क्यांचं उरकून टाकू. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, किती टक्के लोकांना गेम आवडला याचे दोन आकडे दिसतात, एक आजवरच्या सगळ्या रिव्ह्यूंचा आणि एक गेल्या ३० दिवसांचा. बगवाल्या गेमसाठी जुना आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो कारण लोकांनी शिव्या घातलेलं व्हर्जन आज अस्तित्वातच नसतं. दोन आकड्यांमधला फरक बघा. जुना वाईट आणि नवीन चांगला असेल तर टीम काम करतेय, जुना चांगला आणि नवीन घसरलेला असेल तर बहुतेक एखाद्या पॅचनं, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटनं, काहीतरी मोडलंय, मग त्या पॅचच्या तारखेनंतरचेच रिव्ह्यू वाचा. मिक्स्ड लिहिलंय म्हणून लगेच पळून जाऊ नका, ४० ते ६९ टक्क्यांमधलं सगळं तिथं एकाच शब्दात बसवलेलं असतं आणि ४२ आणि ६८ मध्ये खूप अंतर आहे.

टक्क्यांपेक्षा महत्त्वाचे तास. प्रत्येक रिव्ह्यूवर लिहिणारा किती तास खेळला ते दिसतं, लिहिताना किती झाले होते तेही दिसतं. दीड तास खेळून लिहिणाऱ्याला फक्त गेम सुरू होतो का, फ्रेमरेट कसा आहे, शिकवण्याची मिशन अडकते का एवढंच माहीत असतं, आणि तेवढ्यापुरतं त्याचं म्हणणं अगदी योग्य असतं. पण या गेमांमधला सगळ्यात वाईट बग उशिरा येतो. मोहिमेत जसजशी जहाजं वाढतात, बंदरं वाढतात, पकडलेली जहाजं, मेलेले कॅप्टन, सगळ्यांची नोंद सेव्ह फाइलमध्ये साठत जाते आणि फाइल फुगते, मग एक दिवस लोड होताना गेम बंद पडतो. हे दहा तासवाल्याला दिसणारच नाही. म्हणून माझी पद्धत अशी आहे की नापसंत लिहिलेले रिव्ह्यू वेगळे काढायचे आणि त्यातले ५० तासांच्या वरचे आधी वाचायचे. एवढा वेळ दिलेला माणूस गेमवर प्रेम करणाराच असतो आणि तरीही तो नको म्हणतोय म्हणजे त्याला काहीतरी ठोस लागलेलं आहे. असे पाच-सहा रिव्ह्यू वाचा, त्यातल्या तिघांनी सेव्हबद्दल लिहिलं असेल तर थांबा, पुढच्या मोठ्या पॅचची वाट बघा.

आता मुख्य गोष्ट. खूपशा तक्रारी गेमबद्दल नसतातच, त्या जहाजांबद्दल असतात. मी स्वतः एकदा एका गेमला रागारागात नापसंत दिलं होतं की खालच्या मजल्यावरच्या तोफा फायरच होत नाहीत, ७४ तोफांचं जहाज आणि अर्ध्या तोफा गप्प, बग आहे म्हणून लिहून मोकळा झालो. आठवड्याभरानं दुसऱ्या एका खेळाडूनं समजावलं की तू जोराच्या वाऱ्यात वाऱ्याच्या बाजूनं शत्रूवर चालून जात होतास, जहाज वाऱ्यानं खालच्या बाजूला झुकतं, म्हणजे शत्रूकडची बाजू पाण्याकडे जाते, आणि सगळ्यात जड तोफा तर सगळ्यात खालीच असतात. तोफांसमोरच्या झडपा उघडल्या तर समुद्र आत. खऱ्या कॅप्टननंही त्या बंदच ठेवल्या असत्या. मी परत जाऊन तीच लढाई खेळलो, थोडी शिडं उतरवली, जहाज सरळ झालं आणि झडपा धडाधड उघडल्या. ते बघून मला जे वाटलं ते अजून लक्षात आहे, कारण बनवणाऱ्यांनी एवढा विचार केलेला आणि मी त्यालाच बग म्हणून बसलो होतो. तो रिव्ह्यू मी त्याच रात्री बदलला.

झडपांवरून आठवलं, जरा वारा आला आणि जहाज उलटलं ही तक्रार प्रत्येक गेमखाली असते. स्वीडनचं वासा हे ६४ तोफांचं नवंकोरं लढाऊ जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममधून पहिल्यांदा निघालं आणि साधारण १३०० मीटर जाऊन बुडालं, साध्या झुळकेनं कललं आणि उघड्या झडपांमधून पाणी शिरलं. वरचा भाग जड आणि तळ हलका असला की असंच होतं. त्यामुळे गेममध्ये तुम्ही वरच्या डेकवर जड तोफा चढवल्या असतील आणि जहाज उलटत असेल तर गेम बरोबर आहे. शांत पाण्यात, बंदरात नांगर टाकून उभं असलेलं जहाज आपोआप उलटत असेल तर मात्र तो बग.

जहाज पुढेच जात नाही, अडकलं, ही दुसरी. असं लिहिणाऱ्यानं स्क्रीनशॉट टाकला असेल तर वाऱ्याचा बाण बघा. आडव्या शिडांचं मोठं जहाज वाऱ्याच्या दिशेला साधारण ६७ अंशांपेक्षा जवळ जाऊच शकत नाही, नाक थेट वाऱ्यात घातलं की ते थांबतं आणि मग मागेही सरकायला लागतं. समोरून वारा असताना नागमोडी जावं लागतं आणि प्रत्येक वळणावर वेग जातो. हे ज्या गेममध्ये नीट केलेलं असतं तिथं नवीन लोक कंट्रोल बेकार म्हणून लिहितात, म्हणजे काही वेळा वाईट रिव्ह्यूच तुम्हाला सांगत असतो की वाऱ्याचं काम चांगलं केलंय.

एक तास गोळे मारले तरी जहाज बुडत नाही, हीसुद्धा तशीच. लाकडी जहाजं गोळ्यांनी सहसा बुडत नसत. ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईत २१ ऑक्टोबर १८०५ ला ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनची २७ मोठी जहाजं आणि समोर फ्रेंच-स्पॅनिश मिळून ३३, एवढी भयंकर लढाई, आणि ती चालू असताना नष्ट झालेलं जहाज एकच, फ्रेंचांचं आशिल, तेही आग लागून स्फोटानं. बाकीच्यांची माणसं मेली, डोलकाठ्या मोडल्या, झेंडे उतरले आणि जहाजं पकडली गेली. म्हणून गेममध्ये शत्रूचं जहाज बुडवायच्या मागे लागू नका, त्याची माणसं आणि शिडं संपवा, मागच्या बाजूनं जाऊन सगळ्या तोफा एकदम सोडा. जहाजाची मागची बाजू म्हणजे काचेच्या खिडक्या आणि पातळ फळ्या, तिथून घुसलेला गोळा पूर्ण लांबीभर माणसं कापत पुढे जातो. नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजानं फ्रेंचांच्या ब्यूसांतोरचं ट्रफाल्गरला हेच केलं. मागून मारलेल्या आणि बाजूनं मारलेल्या गोळ्यांमध्ये गेममध्ये काहीच फरक पडत नाही अशी तक्रार दिसली, तर ती मी गंभीरपणे घेतो, कारण तिथं लढाईचा गाभाच गेलेला असतो.

गोळे जहाजाला आपटून परत येतात, याचं उत्तर १९ ऑगस्ट १८१२ ला मिळालेलं आहे, अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनवर ब्रिटिश गेरिएरचे गोळे आपटून पडताना बघूनच खलाशांनी तिला ओल्ड आयर्नसाइड्स म्हणजे लोखंडी अंगाची असं नाव दिलं. एका फटक्यात अख्खं जहाज उडालं ही तक्रार पोलादी जहाजांच्या गेमखाली असते, तर २४ मे १९४१ ला ब्रिटिशांचं हूड जर्मन बिस्मार्कसमोर स्फोट होऊन काही मिनिटांत गेलं, १४१८ माणसांमधली ३ वाचली. त्याआधी १९१६ ला जटलंडच्या एकाच लढाईत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, पण चिलखत कमी असलेली वेगवान जहाजं) अशीच फुटली. दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत ज्वाळा पोचली की जहाज कितीही मोठं असो. हां, दर दुसऱ्या लढाईत दर तिसरं जहाज असं फुटत असेल तर तो आकड्यांचा घोळ आहे, तिथं तक्रार करणारा बरोबर.

आणि गेम फार स्लो आहे, हे तर विचारूच नका. ट्रफाल्गरला दोन्ही आरमारं पहाटे सहाच्या सुमाराला एकमेकांना दिसली आणि पहिले गोळे सुटले दुपारी बाराच्या आसपास. स्लो आहे असं लिहिणारा चुकीचा नाही, त्याची आवड वेगळी आहे, तुमची काय आहे ते तुम्ही ठरवा.

मग खऱ्या बगची तक्रार ओळखायची कशी, तर तिच्यात जागा आणि कृती असते. क्रॅश होतो असं नुसतं लिहिलंय ते सोडून द्या, पण बोर्डिंग (शत्रूच्या जहाजावर माणसं उतरवून लढणं) चालू असताना तिसऱ्या जहाजानं धडक दिली की क्रॅश होतो असं कोणी लिहिलं आणि तेच वेगळ्या शब्दांत अजून दोघांनी लिहिलं तर ते सोनं आहे. मोडलेली डोलकाठी हवेत तरंगते, खलाशी समुद्रावर उभे राहून चालतात, झेंडा उलटा फडकतो, असल्या गोष्टींचे व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतात आणि खेळायला त्यांचा सगळ्यात कमी त्रास होतो. खरा त्रास देणारे बग दिसायला कंटाळवाणे असतात, सेव्ह लोड न होणं, ऑर्डर दिलेली जहाजं रांग सोडून जाणं, ऑनलाइन लढाईत तुमच्या स्क्रीनवर लागलेला गोळा समोरच्याच्या स्क्रीनवर न लागणं. रिव्ह्यू वाचताना या कंटाळवाण्या शब्दांवर नजर ठेवा.

एवढं वाचून घ्यायचा ठरवला तर पहिले दोन तास वाया घालवू नका. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मागता येतो, पण मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तरी तो वेळ मोजला जातो हे लक्षात ठेवा. बहुतेक लोक हे दोन तास मोहिमेच्या सुरुवातीला घालवतात, जिथं एक छोटं जहाज आणि दोन-चार बेटं असतात, आणि तो भाग बनवणाऱ्यांनी सगळ्यात जास्त तपासलेला असतो. मोहीम बाजूला ठेवा आणि थेट स्वतंत्र लढाई लावा.

पहिली लढाई एकास एक. सगळी शिडं उभारा आणि नाक वाऱ्यात घाला, जहाज थांबलं पाहिजे. मग बाजूनं वारा घ्या, मग मागून, वेग बदलतोय का बघा. धूर बघा, तोफांच्या काळ्या दारूचा धूर वाऱ्यासोबत वाहत गेला पाहिजे, वाऱ्याविरुद्ध जात असेल तर वारा नुसता देखाव्याला आहे. पुन्हा तोफा भरायला किती वेळ लागतो ते मोजा, तरबेज क्रूला मोठ्या तोफेसाठी दीड-दोन मिनिटं लागायची, गेम ते कमी करणारच पण माणसं मेल्यावर हा वेळ वाढतोय का ते बघा, वाढत नसेल तर क्रूचा आकडा फक्त शोभेला आहे.

त्याच लढाईच्या मध्यावर, तोफा चालू असताना, सेव्ह करा. त्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा, क्रू किती, गोळे किती, वारा कुठून, शत्रूचं तोंड कुठं. गेम पूर्ण बंद करा, मेनूपर्यंत येऊन थांबू नका, पूर्ण बंद. परत उघडून लोड करा आणि कागदाशी जुळवा. मी एका गेममध्ये हे केलं तेव्हा कागदावर माणसं ४१२ होती आणि लोड केल्यावर शून्य, जहाज मात्र आरामात चाललेलं, आणि पुढच्या गोळ्याला तो आकडा वजा एक झाला, मग वजा नऊ. बोर्डिंग केलं तर माझी वजा माणसं शत्रूच्या डेकवर उतरली आणि गेम बंद. चाळीस मिनिटांत सगळं कळलं. लढाईच्या मध्ये सेव्ह करूच देत नसेल तर ते वाईट समजू नका, उलट त्यांनी एक अवघड जागा शहाणपणानं टाळलीय.

दुसरी लढाई गेम जेवढी मोठी लावू देईल तेवढी. दोन रांगा एकमेकांत घुसतात ती वेळ महत्त्वाची, तिथं एआयची, म्हणजे गेम स्वतः चालवतो ती, जहाजं एकमेकांवर आदळून गुंता होतो का ते बघा. थोडी धडकाधडकी खऱ्या लढाईतही व्हायची, पण दहा जहाजं एका ढिगात गोल फिरत राहिली तर पुढच्या प्रत्येक मोठ्या लढाईत तेच बघावं लागणार. मग वेळेचा वेग चौपट करा. बरेच बग इथं बाहेर पडतात, कारण वेग वाढवला की काही गेम हालचालींचा हिशोब मोठमोठ्या टप्प्यांत करतात, एका टप्प्यात जहाज अलीकडे असतं आणि पुढच्या टप्प्यात पलीकडे, मधली धडक गेमला कळतच नाही, किंवा उशिरा कळते आणि जहाज चेंडूसारखं उडतं. असं झालं तर गेम टाकाऊ आहे असं नाही, जहाजं जवळ आली की वेग साधा ठेवायचा एवढी सवय लावून घ्यायची. शेवटी एकदा बोर्डिंग करा. तिथं दोन जहाजं, दोन क्रू आणि मालकीची अदलाबदल हे सगळं एकदम होतं, मला तरी सगळ्यात जास्त क्रॅश तिथंच मिळालेत.

हे सगळं करूनही गेम ठेवलात तर सेव्हची शिस्त पाळा. एकाच सेव्हवर परत परत सेव्ह करू नका, निदान पाच वेगळे ठेवा आणि फिरवत राहा, बंदरात असताना सेव्ह करा, लढाईआधी करा, आणि आठवड्यातून एकदा सेव्हचा फोल्डर उचलून दुसरीकडे कॉपी करून ठेवा. क्लाउडवर भरवसा ठेवून बसू नका, बिघडलेली फाइलही तो तितक्याच इमानदारीनं चढवतो. मोहीम चालू असताना मोठा पॅच आला तर आधी पॅचसोबतची माहिती वाचा, जुने सेव्ह चालतील का ते बहुतेक वेळा तिथं लिहिलेलं असतं, आणि काही गेममध्ये स्टीमवरच्या बीटाच्या (वेगळ्या व्हर्जनच्या) यादीतून जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं, तिथं राहून मोहीम संपवा. अचानक क्रॅश सुरू झाले तर स्टीममधून फाइल्स तपासून घ्या, ग्राफिक्स ड्रायव्हर बघा, पाण्यातलं प्रतिबिंब आणि सावल्या कमी करा, या गेममध्ये अर्धा भार पाण्याचाच असतो.

आता तुमचा रिव्ह्यू. तुम्हीही लिहा, कारण वर सांगितलेलं सगळं कोणीतरी नीट लिहिलं म्हणूनच आपल्याला वाचता येतं. किती तास झाले, कोणतं व्हर्जन, मोहीम किती पुढे नेली, काय मोडलं आणि ते दरवेळी मोडतं का कधीकधी, एवढं आलं की पसंत लिहा नाहीतर नापसंत, वाचणाऱ्याचं काम होतं. बनवणाऱ्यांना बग कळवायचा असेल तर रिव्ह्यूत शिव्या घालण्यापेक्षा सेव्ह फाइल, लॉग फाइल (गेम स्वतः लिहितो ती नोंद) आणि काय केल्यावर होतं ते एकाखाली एक लिहून पाठवा.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पाणबुड्यांचा मार्क १४ टॉर्पेडो असाच बगवाला होता, जहाजाखालून निघून जायचा, आधीच फुटायचा नाहीतर लागूनही फुटायचा नाही. पाणबुडीवाले तक्रार करायचे आणि वरून उत्तर यायचं की तुमचाच नेम चुकतोय. शेवटी १९४२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ मासेमारीचं जाळं विकत आणून पाण्यात सोडलं आणि त्यातून टॉर्पेडो मारला. सेट केला होता १० फुटांवर आणि जाळ्याला भोक पडलं होतं २५ फुटांवर. वरच्यांनी आधी त्या चाचणीतच खोट काढली, पण शेवटी खोलीचा दोष मान्य झाला, बाकीचे दोषही एकेक करून १९४३ च्या शेवटापर्यंत काढले गेले.

तो वजा माणसांचा बग मी असाच पाठवला होता, सेव्ह फाइल, कागदाचा फोटो आणि चार ओळी. दोन पॅच गेले. तिसऱ्याच्या यादीत ओळ आली की लढाईत लोड केल्यावर क्रूची संख्या चुकत होती ते दुरुस्त केलंय. मी तीच फाइल परत उघडली, माणसं ४१२ होती.